चालून आल्यावर तिसरं घावन खायचं का?

सकाळी पावणेसातला मालवणच्या चिवला किनाऱ्यावरून चालून घरी येतो तेव्हा आईचा बिडाचा तवा तापलेला असतो. "येवढा चलान इलंस, आता पोटभर खा मरे," म्हणत ती पानात तिसरं घावन टाकते. मनगटावरचं घड्याळ त्याच वेळी ४१० कॅलरी जळाल्याचं सांगत असतं. आई आणि घड्याळ यांचं एकदा एकमत झालं की मी वाद घालत नाही.

त्या महिन्यात रोज तासभर चालून माझं वजन एक किलोने वाढलं.

मग वही घेऊन बसलो. गडबड हिशेबात होती. चिवल्याच्या पुळणीवर भेटणाऱ्या बऱ्याच जणांशी बोललो तेव्हा कळलं की तीच गडबड त्यांचीही आहे. व्यायामाने जळालेलं परत खायचं की नाही याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण ते तुम्ही कुठल्या आकड्यापासून सुरुवात केली त्यावर ठरतं. म्हणून तिथूनच सुरू करू.

१. तुमच्या आकड्यात व्यायाम आधीच धरलाय का ते बघा

ॲपमध्ये वजन, उंची, वय भरलं की ते 'रोज एवढं खा' असा आकडा देतं. मागे बहुधा एक सूत्र असतं. १९९० पासून वापरात असलेलं मिफ्लिन-सेंट जोर सूत्र कागदावरही सोडवता येतं: वजन (किलो) गुणिले १०, अधिक उंची (सेंमी) गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५. पुरुष असाल तर त्यात ५ मिळवा, बाई असाल तर १६१ वजा करा. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीराला एवढं इंधन लागतं.

माझं वजन ८० किलो, उंची १६८ सेंमी, वय ४४. उत्तर येतं १६३५.

आता याला हालचालीच्या आकड्याने गुणायचं. खुर्चीतलं काम असेल तर १.२, हलका व्यायाम असेल तर १.३७५, मध्यम असेल तर १.५५. खरी मेख इथे आहे. १.२ धरलं तर माझा दिवसाचा खर्च १९६२ येतो आणि त्यात चालणं कुठेच नाही. १.५५ धरलं तर २५३४ येतो आणि त्यात व्यायाम आधीच घातलेला असतो.

मी काय केलं होतं? रोज चालतो म्हणून ऐटीत 'मध्यम' निवडलं. ॲपने ५०० वजा करून २०३४ खायला सांगितलं. वर घड्याळाचे ४०० रोज मिळवले आणि तेही खाल्ले. झाले २४३४. प्रत्यक्षात माझा खर्च चालण्यासकट २१६० च्या आसपास होता. म्हणजे वजन उतरवायच्या नावाखाली रोज २७० जास्त खात होतो. चरबीच्या एका किलोत साधारण ७७०० कॅलरी असतात. तीस दिवसांनी एक किलो वाढणारच की.

तेव्हा दोनांपैकी एक वाट धरा. एकतर १.२ ने गुणा, त्यातून ३००-४०० वजा करा आणि व्यायामाचा हिशेब वेगळा ठेवा. नाहीतर १.३७५ ने गुणा, ५०० वजा करा आणि व्यायामाचं काहीही परत खाऊ नका, घड्याळ काहीही म्हणो. माझ्या बाबतीत पहिल्या वाटेने १५६० आणि वर चालण्याचे सगळेच्या सगळे २०० खाल्ले तरी १७६० होतात, दुसऱ्या वाटेने १७५०. दोन्ही वाटा एकाच पाणंदीला येऊन मिळतात. दोन्हींवर एकदम चाललं की माझ्यासारखं होतं.

ज्यांची शिस्त बेताची आहे त्यांनी दुसरी धरावी असं माझं मत. रोज नव्याने 'आज किती कमावलं' हा विचार आला की जीभ वकिली करायला लागते.

२. निव्वळ किती जळालं ते काढा

पहिली वाट धरणाऱ्यांसाठी हे. व्यायामाची ताकद 'मेट' या मापात मोजतात. स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट, आणि तेवढ्यात दर किलोमागे तासाला साधारण १ कॅलरी जळते. ताशी ५ किलोमीटर वेगाने सपाटीवर चालणं सुमारे ३.५ मेट. पाखाडीच्या पायऱ्या सावकाश चढणं ४, भरभर चढणं ८ च्या पुढे. मध्यम वेगाने पोहणं ६ च्या आसपास, ताशी ८ किलोमीटरने पळणं ८ च्या थोडं वर.

मी तासभर चाललो तर ३.५ गुणिले ८० म्हणजे २८०. पण त्या तासात घरी झोपाळ्यावर बसलो असतो तरी ८० जळालेच असते आणि ते दिवसाच्या १९६२ कॅलरींच्या खर्चात आधीच धरलेत. म्हणून मेटमधून १ वजा करून गुणायचं: २.५ गुणिले ८० म्हणजे २००. हे निव्वळ. घड्याळाने ४१० सांगितले होते.

घड्याळावर किती भरवसा ठेवायचा? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले. कॅलरीत मात्र सर्वांत बरं यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. पावलं आणि ठोके बघायला घड्याळ चांगलं. त्याच्या कॅलरीच्या आकड्यावर न्याहारी ठरवू नये.

किनाऱ्यावरच्यांसाठी एक वेगळी भर. कोरड्या, पाय रुतणाऱ्या वाळूत चालायला कडक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते, हे बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं. म्हणून पुष्कळ जण ऐकीव माहितीवर 'वाळूत चाललो, दुप्पट धर' म्हणतात. पण चिवल्यावर सकाळी नीट बघा. ओहोटी असली की सगळे पाण्याकडेच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून चालतात. तिथे टाच जेमतेम नखभर रुतते. ते चालणं जवळजवळ रस्त्यासारखंच. भरतीच्या वेळी कोरड्या वाळूत ढकलले गेलो की वेग आपोआप उतरतो, दहा मिनिटांत पोटऱ्या भरून येतात आणि माणसं सुरूच्या सावलीत गप्पा मारत उभी राहतात. मी दोन महिने कोरड्या वाळूतली फक्त खरी चाललेली मिनिटं लिहिली. तासात ती पंधराच्या वर क्वचित गेली. तेवढ्यांना दुप्पट धरा, बाकी सपाटीचा भाव.

३. घामाला फसू नका

मे महिन्यात आपल्याकडे वीस मिनिटांत बनियन पिळून काढावा लागतो. अंगाला घाम जास्त म्हणजे चरबी जास्त जळली असं वाटतं. तसं नसतं. हवा दमट असली की घाम सुकत नाही, अंगावरून ओघळतो, म्हणून तो दिसतो जास्त. चालण्याआधी आणि नंतर वजन केलंत तर अर्धा-पाऊण किलो कमी दिसेल. ते पाणी आहे. ते पाण्यानेच भरून काढायचं. चिमूटभर मीठ घालून पेजेचं पातळ पाणी, कोकमाचं बिनसाखरेचं सरबत किंवा एक शहाळं पुरे. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलीला २० च्या आसपासच कॅलरी असतात. आतली मलई खरवडून खाल्ली तर तो आकडा विसरा.

४. किती परत खायचं

तासभर किंवा त्याहून कमी चालणं, थोडी सायकल, अंगणातली सूर्यनमस्कारांची बारी: काही परत खाऊ नका. भूक फारच लागली तर निव्वळ आकड्याच्या निम्मं. निम्मं अशासाठी की आपण ताटातलं नेहमी कमी मोजतो आणि जळालेलं नेहमी जास्त. शिवाय व्यायाम झाला की उरलेला दिवस माणूस नकळत सुस्तावतो. मी चालून आलो की जिना चढायच्या ऐवजी खालूनच हाक मारतो, हे बायकोने दाखवून दिलं. हर्मन पाँट्झर यांच्या गटाने टांझानियातल्या हाद्झा लोकांचा ऊर्जाखर्च २०१२ मध्ये मोजला. शिकार करून, कंदमुळं खणून जगणारी ही माणसं, पण शरीराच्या आकाराच्या मानाने त्यांचा खर्च शहरी अमेरिकनांएवढाच निघाला. शरीर कुठेतरी काटकसर करतंच.

दीड-दोन तासांचं पोहणं, लांबची सायकल, गड चढून उतरणं: निव्वळच्या निम्म्यापासून पाऊणपर्यंत खा. नाही खाल्लंत तर संध्याकाळी सात वाजता फरसाणाचा डबा तुम्हाला शोधत येईल.

आणि भातलावणीचे दिवस, चिरे वाहणं, रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढणं: सगळं खा. इथे वजन उतरवण्याचा विषय बाजूला ठेवा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत ६५ किलोच्या बैठ्या पुरुषाला दिवसाला २११० कॅलरी आहेत आणि जड कष्ट करणाऱ्याला ३४७०. ५५ किलोच्या बाईला तेच १६६० आणि २७२०. हा हजाराच्या वरचा फरक आहे. चिखलात आठ तास वाकून लावणी करणाऱ्या बाईने उरलेल्या वर्षाचा 'डाएट' त्या पंधरवड्यात चालवला तर तिला चक्कर येईल, दुसरं काही होणार नाही. मुंबईहून लावणीला येणाऱ्या चाकरमान्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

आता एक अपवाद, आणि तो घराघरात आहे. माझ्या बायकोचं वजन ६२, उंची १५५, वय ४०. तिचं सूत्राचं उत्तर १२२८, खुर्चीतल्या कामाला १४७३. माझ्यासारखे ४०० वजा केले तर उरतात १०७३. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय बायकांनी १२०० च्या खाली जाऊ नये असा सर्वसाधारण सल्ला असतो. म्हणून तिने २५० च वजा केले आणि चालण्याचे निव्वळ १५५ पूर्ण परत खाल्ले. तिचं वजन सावकाश उतरलं, पण केस गळले नाहीत, पाळी चुकली नाही. नवरा-बायको एका ताटात, एका नियमाने वजन उतरवायला निघतात आणि बाई आधी खंगते, हे मी आमच्याच वाडीत पाहिलंय. अंगाने लहान असाल तर परत खा.

५. परत खायचं ते काय

स्वयंपाकघरातला वजनकाटा आणा. एकदा आईने चटणीसाठी खवलेल्या ओल्या नारळाचा मूठभर चव मी काट्यावर ठेवला. २९ ग्रॅम. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे ३५० कॅलरी असतात, म्हणजे त्या मुठीत शंभर. माझं अर्ध्या तासाचं चालणं त्या मुठीत बसलं. आई म्हणाली, "खोबरा मोजून खातत काय रे?" आता ती मोजत नाही, पण दोन मुठींची दीड झालीय.

एका घावनाला ३० ग्रॅम पीठ धरलं तर शंभरच्या पुढे, तेल वेगळं. छोट्या चमच्याचं तेल चाळीसेक. वाटीभर शिजलेला भात, साधारण १५० ग्रॅम, २०० च्या घरात. नारळाच्या रसातले शिरवाळे हा सणाचा पदार्थ, त्याचा हिशेब करून मन खट्टू करू नका. महिन्यातून एकदा खा आणि गप्प राहा.

परत खायचं असेल तर आधी प्रथिनांकडे बघा. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, ते राखायला प्रथिनं आणि थोडं वजन उचलणं लागतं. उकडलेली दोन अंडी, तव्यावर थोड्या तेलात भाजलेला बांगडा, तिसऱ्यांचं म्हणजे शिंपल्यांचं सुकं (खोबरं हात राखून), कुळथाची पिठी, मुगाची उसळ. १५०-२०० कॅलरीत यातलं काहीही बसतं आणि दुपारपर्यंत पोट धरून ठेवतं. तेवढ्याच कॅलरीची बिस्किटं चहात बुडवून पाच मिनिटांत संपतात.

६. शेवटी काट्याला विचारा

वरचे सगळे आकडे अंदाज आहेत. तुमचं शरीर सूत्रापेक्षा शे-दोनशे इकडेतिकडे असू शकतं. रोज सकाळी, परसाकडून आल्यावर, चहाच्या आधी वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. एका दिवसाचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. रात्री सुकटीची चटणी किंवा खारा बांगडा झाला असेल तर मिठामुळे पाणी धरून सकाळी काटा किलोभर वर जातो. बायकांना पाळीच्या आधी तसंच दिसतं.

तीन-चार आठवड्यांनी बघा. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरतंय, म्हणजे ८० किलोला ४०० ते ८०० ग्रॅम, तर काही बदलू नका. त्याहून वेगाने उतरतंय, थकवा आहे, झोप लागत नाही, नेहमीच्या चढावावर दम लागतो, तर परत खाण्याचं प्रमाण वाढवा. हललंच नाही तर आधी तेल आणि खोबरं मोजा, मग परत खाणं निम्म्यावर आणा.

मधुमेहाची इन्शुलिन किंवा साखर एकदम खाली आणणारी गोळी चालू असेल, गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल किंवा मुलगा-मुलगी अजून वाढीच्या वयात असेल, तर हा हिशेब घरी करू नका. डॉक्टरांशी बोला. इन्शुलिनवर असताना उपाशीपोटी लांब चालून साखर घसरली तर पुळणीवर मदतीला कोणी असेलच असं नाही. खिशात खडीसाखर असू द्या.

दर चार-पाच किलो उतरले की सूत्र पुन्हा सोडवा. मी ७५ वर आलो तेव्हा १९६२ चे १९०२ झाले आणि तासाच्या चालण्याचे २०० चे १८८. म्हणजे जुन्याच ताटात रोज सत्तरेक कॅलरी फुकट वाढत होत्या. त्या कुठून काढायच्या यावर घरी अजून बोलणी चालू आहेत. आईचं म्हणणं चहातली साखर कमी कर, घावनाला हात लावू नकोस.