जुना इलेक्ट्रॉनिक चर्च ऑर्गन घेताय? आधी पेडल मोजा

चर्चसाठी बनवलेले जुने इलेक्ट्रॉनिक ऑर्गन कधी मातीमोल भावाने, तर कधी ‘फक्त उचलून न्या’ म्हणून फुकटही मिळतात. नवशिका तिथेच हुरळतो. पण शे-दोनशे किलोचं धूड ठेवायला विकणाऱ्याकडे जागा उरलेली नसते, एवढंच त्यामागचं कारण असू शकतं. तेव्हा किंमत शेवटी बघा.

सगळ्यात आधी पेडल, म्हणजे पायांनी वाजवायच्या पट्ट्या, मोजा. 44 पट्ट्यांचे दोन आखूड कीबोर्ड आणि खाली जेमतेम 13 पेडल असतील, तर तो दिवाणखान्यातला ऑर्गन. तालाची बटणं दिसली तर शंकाच नको. त्यावर गाणी छान वाजतील, पण चर्चचं वादन दोन्ही पायांनी, टाच आणि चवडा दोन्ही वापरून चालतं. संगीतकार बाखच्या कित्येक रचनांमध्ये पायांना स्वतंत्र ओळ असते. 61 पट्ट्यांचे किमान दोन कीबोर्ड (ऑर्गनवाले त्यांना मॅन्युअल म्हणतात) आणि 30 किंवा 32 पेडल असलेलाच बघा. 32 हे अमेरिकी मानक. त्यात पेडल पंख्यासारखे पसरलेले आणि मधे खोलगट असतात. 25 पेडलवर सुरुवात होते, पण वरचे सूर लवकरच कमी पडतात.

मग वय विचारा. ॲलन कंपनीने 1971 मध्ये पहिला डिजिटल चर्च ऑर्गन आणला, पण त्यानंतरही बरीच वर्षं ॲनालॉग ऑर्गन बनत राहिले. ॲनालॉगमधले कपॅसिटर वयानुसार खराब होतात, मात्र असे साधे भाग बदलता येतात. डिजिटलचा सूर सहसा उतरत नाही. पण त्याची खास चिप गेली तर पर्याय शोधताना नाकीनऊ येतात. पुढे संगणकाला जोडायचा विचार असेल तर मिडी (वाद्य आणि संगणक जोडायची ठरलेली पद्धत) आहे का पाहा. हे मानकच 1983 चं, त्याआधीच्या ऑर्गनमध्ये ते मुळात नसणार.

आता खरी परीक्षा. विकणारा हौसेने सगळे स्टॉप (आवाजाचा प्रकार निवडायच्या खुंट्या किंवा बटणं) ओढून दणदणीत वाजवून दाखवेल. त्या दणक्यात सगळे दोष लपतात. मी एकदा असाच भारावलो आणि दोन पेडल मुकी आहेत हे घरी आल्यावर कळलं. म्हणून आधी काहीही न वाजवता नुसता चालू करा आणि गुणगुण येते का ऐका. मग 8 फुटांचा (हा आकडा स्टॉपवरच लिहिलेला असतो) एकच स्टॉप ओढा. त्यावर पट्टी पियानोच्याच उंचीचा सूर देते (16 चा एक सप्तक खाली, 4 चा एक सप्तक वर). डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबा, काळ्यासुद्धा. दुसऱ्या मॅन्युअलवर तेच, मग पेडलवर तेच. शेवटी एकच पट्टी धरून एकेक स्टॉप आत-बाहेर करा.

एखादीच पट्टी अडखळत वाजत असेल तर बहुधा संपर्काच्या तारेवर धूळ बसली आहे, घाबरू नका. पण समजा ‘फा’ सगळ्याच सप्तकांत गप्प आहे. बऱ्याच ॲनालॉग ऑर्गनमध्ये एका सुराची सगळी सप्तकं एकाच मूळ सर्किटमधून निघतात, तेव्हा दोष तिथे असण्याची शक्यता जास्त. आवाज कमी-जास्त करायचं वेगळं पाऊल-पेडल दाबताना खरखर होते का, तेही बघा. ऑर्गनला मेमरी असेल तर स्टॉपची एक जुळणी साठवा, बंद करून पुन्हा चालू करा. विसरला तर बहुतेक आतली बॅटरी संपली आहे. हे काम सहसा छोटंच, पण भाव पाडायला उत्तम.

हे सगळं पटलं की मोजपट्टी काढा. पेडलबोर्ड आणि बाक सहसा वेगळे होतात, मुख्य पेटी मात्र अख्खी न्यावी लागते. तुमच्या दाराची रुंदी आणि जिन्याचं वळण घरून मोजूनच जा. बाहेरचे स्पीकर असतील तर एकही वायर काढण्याआधी मागच्या बाजूचे फोटो घ्या, आणि पेटी उचलायला चार माणसं सांगून ठेवा.