बेंड कुठे झिजेल? पाइपमधल्या हवेचे आणि राखेच्या कणांचे सिम्युलेशन कसे करावे

राख ओढणाऱ्या लाइनमध्ये सरळ पाइप वर्षानुवर्षे टिकतो, भोक पडते ते बेंडला. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या फ्लाय अ‍ॅशवर काम करणारी शेड असो की बुटीबोरीतला बॅगफिल्टर, पत्रा कापण्याआधीच तीन गोष्टी कळल्या तर खर्च वाचतो : कण भिंतीला कुठे आपटतील, किती मायक्रॉनचे आपटतील आणि ब्लोअरला किती दाब लागेल. हे संगणकावर काढता येते. क्रम मात्र सोडू नका. आधी हिशोब, मग नुसती हवा आणि शेवटी कण.

उदाहरणाला साधी लाइन घेऊ. पाइपचा आतला व्यास १०० मि.मी. आहे. २ मीटर आडवी धाव, मग वर वळणारा ९० अंशांचा बेंड (मध्यरेषेची त्रिज्या १५० मि.मी.) आणि पुढे १ मीटर उभा पाइप. हवेचा वेग २० मीटर प्रतिसेकंद. औद्योगिक धूळ ओढायला साधारण १८ ते २० लागतोच. धूळ दर घनमीटर हवेमागे १० ग्रॅम. सॉफ्टवेअर ओपनफोम, कारण ते मोफत आहे आणि उबुंटूवर चालते. अ‍ॅन्सिस फ्लुएंट वापरत असाल तर नावे बदलतील, पावले हीच.

आधी कागदावर

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये हवेची घनता १.२२५ किलो प्रति घनमीटर अशी आधीच भरलेली असते. ती समुद्रसपाटीवरच्या १५ अंश सेल्सिअसच्या हवेची आहे, आपली नव्हे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. नवतप्यात पारा ४५ अंशांवर असतो, तेव्हा हवेचा दाब ९७० हेक्टोपास्कलच्या आसपास धरला तर घनता १.०६ येते. जानेवारीच्या पहाटे १२ अंशांना तीच १.२० होते. म्हणजे त्याच पाइपमध्ये, त्याच वेगाला, दाबाचे नुकसान दोन ऋतूंत दहा-बारा टक्क्यांनी वेगळे. ब्लोअरची मोटर थंडीच्या हिशोबाने निवडा, कारण जड हवा ढकलायला जास्त शक्ती लागते.

इथे आपण मे महिना धरू. व्हिस्कॉसिटी (हवेचा चिकटपणा) ०.००००१९३ पास्कल-सेकंद. रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळीचा हे सांगणारा) साधारण १ लाख १० हजार येतो, म्हणजे प्रवाह पूर्ण खळबळीचा, टर्ब्युलंट. ब्लासियसच्या सूत्राने घर्षणगुणांक ०.०१७ आणि सरळ पाइपमधले दाबाचे नुकसान मीटरमागे सुमारे ३७ पास्कल. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. पुढे तोच परीक्षक आहे.

आता कण. कणाची घनता गुणिले व्यासाचा वर्ग, भागिले व्हिस्कॉसिटीच्या १८ पट, हा कणाचा प्रतिसाद-काळ. हवा वळली की कणाला तिच्यामागे वळायला एवढा वेळ लागतो. त्याला पाइपचा व्यास भागिले वेग, म्हणजे इथे ०.००५ सेकंदाने भागले की स्टोक्स अंक मिळतो. राखेची घनता २१०० धरली तर १० मायक्रॉनच्या कणाचा अंक ०.१२, ५० मायक्रॉनचा ३ आणि १०० मायक्रॉनचा १२. एकच्या बराच खाली असलेला कण हवेबरोबर वळतो, एकच्या वर गेलेला सरळ जाऊन आपटतो. निम्मे उत्तर इथेच हाती आले.

मेश

मेश म्हणजे पाइपच्या आतल्या जागेचे छोट्या खान्यांत (सेलमध्ये) केलेले तुकडे. पाइपला ओ-ग्रिड पद्धतीची मेश करा : मधोमध चौकोनी गाभा आणि त्याभोवती भिंतीकडे जाणारे थर. नुसता चौकोनी ठोकळा गोलात बसवला तर चार कोपऱ्यांत सेल चेपतात आणि गणित तिथेच अडखळते. ओपनफोमची चेकमेश आज्ञा चालवून नॉन-ऑर्थोगोनॅलिटी (सेल एकमेकांशी किती तिरपे) ७० अंशांच्या आत आणि स्क्यूनेस (सेलचा वाकडेपणा) ४ च्या आत आहे ना, ते पाहा.

भिंतीलगतच्या पहिल्या थराची जाडी हा सगळ्यात नाजूक निर्णय आहे. वाय-प्लस (भिंतीपासूनचे अंतर, प्रवाहाच्या मापात) १ हवा असेल तर थर जेमतेम ०.०४ मि.मी. जाडीचा लागतो. कागदावर तो अचूक, पण आपला मोठा कण ०.१ मि.मी.चा आहे, म्हणजे सेलपेक्षा कणच मोठा! सॉफ्टवेअर कणाला बिंदू मानते, ते गृहीतक इथे मोडते. म्हणून बेंडची झीज पाहायची असेल तर पहिला थर १.५ मि.मी. ठेवा. वाय-प्लस ३८ च्या आसपास येतो आणि वॉल फंक्शन (भिंतीलगतचा वेग सूत्राने धरणारी सोय) नीट काम करते. ५ ते ३० हा मधला पट्टा टाळा. दोन-तीन मायक्रॉनची धूळ भिंतीवर किती बसते हा प्रश्न असेल, तर मात्र बारीक थरच हवा.

दीड लाख, साडेतीन लाख आणि आठ लाख सेलच्या तीन मेश करा, भिंतीचा पहिला थर तिन्हींत सारखाच. शेवटच्या दोघींतला दाबाचा फरक २ टक्क्यांच्या आत आला की मधली मेश पुरे.

नुसती हवा

सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्राम, सिम्पलफोम; टर्ब्युलन्स मॉडेल के-ओमेगा एसएसटी. इनलेटला वेग २०, के (खळबळीची ऊर्जा) ०.८४, ओमेगा (ती विरण्याचा दर) २४०. आउटलेटला दाब शून्य. भिंतीवर नो-स्लिप (तिथे हवेचा वेग शून्य). पहिले दोन-तीनशे फेरे अपविंड स्कीमवर (ढोबळ पण न बिघडणारी गणितपद्धत) काढा आणि मग जास्त अचूक अशा लिनिअर-अपविंडवर या. अपविंडवरच थांबलात तर बेंडनंतर तयार होणारी भोवऱ्यांची जोडी पुसट होते आणि बारीक कण भलतीकडे जातात.

बेंडआधी ४ मीटरचा सरळ पाइप चालवून पाहा आणि शेवटच्या मीटरमधला दाब मोजा. नवखे इथे हटकून घाबरतात, कारण ३७ ऐवजी ३५ च्या आसपास आकडा दिसतो. सिम्पलफोम दाब घनतेने भागून दाखवतो, १.०६ ने गुणा, पास्कल मिळतील. गुणूनही १० टक्क्यांहून जास्त फरक राहिला तर चूक मेशमध्ये किंवा व्हिस्कॉसिटीत शोधा. इथे काइनेमॅटिक, म्हणजे घनतेने भागलेली व्हिस्कॉसिटी भरायची असते, ०.००००१८२. या सरळ पाइपच्या शेवटचा वेगाचा नकाशा बेंडच्या लाइनला इनलेट म्हणून द्या. सपाट वेग दिला तर २ मीटरमध्ये प्रवाह पुरता मुरत नाही.

रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली आले म्हणून थांबू नका. बेंडच्या दोन्ही बाजूंचा दाब शेवटच्या पाचशे फेऱ्यांत हलत नसेल, तरच उत्तर स्थिरावले समजा.

मग कण

एका घनमीटरमध्ये १० ग्रॅम म्हणजे हवेच्या वजनाच्या सुमारे १ टक्का धूळ. एवढ्याने हवेच्या चालीत फारसा फरक पडत नाही, म्हणून थिजवलेल्या हवेत कण सोडणारा एकतर्फी सॉल्व्हर पुरतो : आयको-अनकपल्ड-कायनेमॅटिक-पार्सल-फोम (नव्या आवृत्त्यांत नाव बदललेले दिसेल). सायलोत राख ढकलणारी दाट लाइन याने करू नका. तिथे कण एकमेकांवर आदळतात, ते गणितच वेगळे.

कणांची घनता २१००, ड्रॅग (हवेची कणावरची ओढ) गोलाकार कणाचा, गुरुत्वाकर्षण चालू आणि दिशा तपासलेली. २ मीटरच्या आडव्या धावेत १०० मायक्रॉनचा कण साधारण ३ सें.मी. खाली उतरतो, त्यामुळे दिशा उलटी पडली तर झिजेची जागाच सरकते. हवेची घनता या सॉल्व्हरला वेगळी द्यावी लागते, तिथेही १.०६ भरा. आकारमानाला रोझिन-रॅमलर वाटणी (कोणत्या आकाराचे किती कण हे सांगणारे सूत्र) वापरा, पण आकडे तुमच्या राखेच्या चाळणी-चाचणीतून घ्या. कणांचा सुरुवातीचा वेग २० ठेवा; शून्य ठेवलात तर मोठे कण बेंडपर्यंत पूर्ण वेग घेत नाहीत आणि झीज कमी दिसते. धूळ दर सेकंदाला १.५७ ग्रॅम भरते. तीस हजार पार्सल (एकसारख्या कणांचे गठ्ठे) सोडा, मग साठ हजार. चित्र बदलले नाही तर तीस पुरेत.

भिंतीची अट दोनदा बदलून चालवा. पहिल्यांदा ‘स्टिक’ : कण जिथे प्रथम आपटला तिथेच थांबतो आणि माऱ्याची जागा स्वच्छ दिसते. दुसऱ्यांदा ‘रिबाउंड’ : कण उसळून पुढे जातो. आउटलेटला दोन्ही वेळा ‘एस्केप’. सोडलेले वजन म्हणजे बाहेर गेलेले, चिकटलेले आणि आत उरलेले यांची बेरीज. ती जुळायलाच हवी. कण चाळणीतून गळाल्यासारखे मधेच नाहीसे होत असतील तर वाकडे सेल शोधा.

उत्तर भूमितीशी ताडून पाहा. मध्यरेषेवरून न वळता आलेला कण बाहेरच्या भिंतीला (त्रिज्या २०० मि.मी.) बेंडच्या ४१ अंशांवर गाठतो. बाहेरच्या भिंतीपासून साधारण १२ मि.मी. आतून आलेला २० अंशांच्या आसपास, आतल्या कडेचा ६० वर. मोठ्या कणांचा मारा याच पट्ट्यात दिसला पाहिजे, ५० मायक्रॉनचा थोडा पुढे सरकलेला. पाच मायक्रॉनखालच्या कणांचे भिंतीवर बसण्याचे आकडे मात्र कमी विश्वासाचे. यादृच्छिक खळबळीचे मॉडेल ते फुगवून दाखवते.

लाइन उभी राहिली की सरळ भागात २ मीटरच्या अंतराने दोन टॅप काढून पाण्याचा मॅनोमीटर लावा. ७४ पास्कल म्हणजे जेमतेम साडेसात मि.मी. पाणी, म्हणून नळी तिरपी ठेवा, वाचन सोपे जाते. बेंडच्या बाहेरच्या पाठीवर २०, ४० आणि ६० अंशांवर रंगाने खुणा करा आणि दर महिन्याला त्याच खुणांवर अल्ट्रासोनिक गेजने पत्र्याची जाडी मोजून वहीत लिहा.