छोट्या कुत्र्याच्या अंगावर अचानक जखम? कारण शोधताना या चुका टाळा

सकाळी उड्या मारणारा पॉमेरियन संध्याकाळी कोपऱ्यात बसलेला आणि मानेवरचे केस रक्ताने चिकटलेले. घरात दिवसभर कोणी नव्हतं. मग संशय सुरू: सोसायटीतली भटकी कुत्री, शेजारचं मांजर, नाहीतर कामाच्या मावशी. आरोपी आधी ठरला की जखम नीट पाहिली जात नाही, ही पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे लगेच हळद फासणं. हळदीने रंग आणि कडा दोन्ही झाकल्या जातात, मग डॉक्टरांनाही काही कळत नाही. आधी फोटो काढा. हातमोजे घालून केस बाजूला करा, आणि एकच जखम सापडली म्हणून थांबू नका. मोठ्या कुत्र्याचा चावा असेल तर सुळ्यांची भोकं बहुधा जोडीने असतात, कधी अंगाच्या दोन्ही बाजूंना. छोट्या कुत्र्याला तोंडात धरून झटकलेलं असतं. कातडीवर भोक डाळीएवढं, आत मात्र स्नायू फाटलेला, बरगडी मोडलेली असू शकते. म्हणून छाती-पोटावरचं भोक कितीही लहान असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. धाप लागत असेल तर त्याच क्षणी. चाव्याची शंका असली तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. रेबीजची लस आधी दिलेली असली तरी पुन्हा डोस लागतो.

प्रत्येक जखम बाहेरून आलेली नसते, हे मात्र बरेच जण विसरतात. पावसाळ्यात अंग ओलं राहिलं, खाज सुटली, की कुत्रा स्वतःच चाटून-चावून काही तासांत तळहाताएवढी ओली, लाल जागा करतो. त्याला हॉट स्पॉट म्हणतात. गालावर किंवा कानाखाली असेल तर कान तपासा, शेपटीच्या मुळाशी असेल तर पिसवा शोधा. पंजाच्या बोटांमध्ये फुगीर, पाझरणारं भोक दिसलं तर गवताचं कुसळ आत शिरलेलं असू शकतं.

पोटावर किंवा हिरड्यांवर लाल-जांभळे ठिपके दिसले तर मार लागला असं समजू नका. गोचीड-तापात रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊन असे डाग पडतात. उंदराच्या औषधानेही रक्तस्राव होतो, आणि तोही ते खाल्ल्यानंतर तीन-चार दिवसांनी, त्यामुळे संबंधच लक्षात येत नाही. घरी, गच्चीवर किंवा शेजारी औषध टाकलं होतं का, हे विचारून घ्या.

डॅशहंड असेल तर आणखी एक घोळ होतो. तो अचानक कळवळतो, मागचे पाय ओढतो, अंगावर ओरखडाही नसतो. लोक म्हणतात, कोणीतरी मारलं. बऱ्याचदा मणक्यातली चकती सरकलेली असते, सोफ्यावरून उडी मारल्याचं निमित्त पुरतं. त्याला चालवून पाहू नका. सपाट फळीवर किंवा घट्ट चादरीत उचला.

तोंड किंवा पाय झपाट्याने सुजला आणि बागेत, शेतात फिरून आला असेल, तर घोणस चावल्याची शंका घ्या. दाट केसांत दातांच्या खुणा दिसत नाहीत. पट्टी आवळू नका, कापू नका, त्याला चालत नेऊ नका.

आणि घरातली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी अजिबात नको. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात. शिवाय मूळ दुखणं कुठलं, हेच समजेनासं होतं.