कांद्यातून डीएनए काढायचाय? आदल्या रात्रीच स्पिरिट गार करा

नागपुरात डीएनए काढायचा म्हटलं की पोरांचा हात आधी संत्र्याकडे जातो. साहजिक आहे, पण संत्रं खायलाच ठेवा. त्यात रस फार, त्या मानाने पेशी थोड्या, आणि पेक्टिन भरपूर. मार्मालेड ज्याने घट्ट होतं तेच हे पेक्टिन. गार स्पिरिट पडलं की तेही पांढरं होऊन वर येतं, आणि घरातले सगळे त्यालाच डीएनए समजून टाळ्या वाजवतात.

कांदा घ्या. बारमाही मिळतो, आणि त्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा एक पूर्ण संच, सुमारे १६ अब्ज बेस-जोड्यांचा (डीएनएच्या शिडीच्या पायऱ्यांचा) आहे, म्हणजे माणसाच्या साधारण पाचपट. उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून आपल्याकडे खिशात ठेवतात तो पांढरा कांदा मिळाला तर सोन्याहून पिवळं, गाळलेलं पाणी रंगीत होत नाही. पोरं अगदी लहान असतील आणि हिवाळा असेल तर स्ट्रॉबेरी आणा. तिच्यात गुणसूत्रांचे आठ संच असतात (आपल्यात दोनच), आणि ती पिशवीत घालून नुसत्या हाताने चुरता येते. केळंही चालतं, मात्र काळं पडलेलं नको.

खरी तयारी स्पिरिटची. मेडिकलमधून आणताना बाटलीवरचे टक्के वाचा, ९० च्या वर असलेलं बरं. ७० टक्क्यांच्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त, आणि डीएनए पाण्यात विरघळतो, त्यामुळे तो कमी बाहेर पडतो. घरात उरलेलं जेल सॅनिटायझर नकोच, त्यातला चिकटपणा सगळा घोळ करतो. बाटलीचं झाकण घट्ट लावा, वर ‘पिऊ नये’ असं ठळक लिहून चिकटवा आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. ती गोठणार नाही, काळजी नको. फ्रीजरमध्ये जागाच नसेल तर बर्फात मीठ घालून त्यात बाटली रोवा, कुल्फीवाले करतात तसं.

पाणी फिल्टरचं घ्या. बोअरचं जड पाणी इथे अडचणीचं, कारण त्यातल्या मॅग्नेशियमवर डीएनए तोडणारे एन्झाइम जोमाने चालतात. १०० मिली पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड, हळू ढवळून. फेस झाला की पुढे काही दिसत नाही, म्हणून घाई नको. लिक्विड पेशीचं आणि केंद्रकाचं स्निग्ध आवरण फोडतं, तव्यावरचं तेल सोडवतं तसंच. मिठाचं काम वेगळं. डीएनएच्या धाग्यांवर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटतात. मिठातलं सोडियम तो भार झाकतं, मग धागे गोळा होऊ शकतात.

कांदा बारीक चिरून मिक्सरला पाच-सात सेकंदच फिरवा. चटणीसारखा वाटलात तर लांब धागे तुटतात आणि गोळा येण्याऐवजी नुसता गढूळपणा दिसतो. त्यात मिठा-लिक्विडचं पाणी घाला आणि वाटी साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. उकळायचं नाही. (मे महिन्यात इथल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणीच निम्मं काम करून देतं.) मग वाटी लगेच बर्फावर ठेवा, म्हणजे डीएनए तोडणारे एन्झाइम थंडावतील. ताज्या अननसाचा चमचाभर रस घातला तर डीएनएला चिकटलेली प्रथिनं सुटायला मदत होते. मटणाला कच्ची पपई लावतात ती अशाच एन्झाइमसाठी. डबाबंद अननस मात्र निरुपयोगी, डब्यात भरताना दिलेल्या उष्णतेने त्यातलं एन्झाइम मेलेलं असतं.

गाळायला चहाची गाळणी पुरत नाही. जुना सुती रुमाल चौपदरी करा आणि पिळू नका, आपसूक गळू द्या. भांडं काचेचं, उभट आणि अरुंद हवं. स्टीलच्या पेल्यात सगळा खेळ वाया. स्पिरिट काढण्याआधी गॅस बंद आणि देवापुढची उदबत्ती विझलेली, हे पाहणं मोठ्यांचं काम.

ग्लास तिरपा धरून गाळलेल्या पाण्याइतकंच स्पिरिट कडेने सोडा आणि मग हात लावू नका. दोन थरांच्या सीमेवर आधी धुकं दिसतं, त्यातून बारीक बुडबुडे अडकलेले पांढरे तंतू वर चढतात, एकमेकांत गुंततात आणि शेंबडासारखी लोंबती गुठळी होते. उदबत्तीची उरलेली काडी तिच्यात सावकाश फिरवली की गुंडाळून येते. पोरं सूक्ष्मदर्शक आणतील, पण पीळदार शिडी दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवा. एका धाग्याची रुंदी जेमतेम २ नॅनोमीटर. आपल्याला दिसतो तो असंख्य धाग्यांचा गुंता, त्यात आरएनए (डीएनएचा भाऊबंद), प्रथिनं आणि थोडं पेक्टिनही. स्विस शास्त्रज्ञ फ्रीडरिश मीशरला १८६९ मध्ये जखमांच्या पट्ट्यांवरच्या पुवातून असाच ऐवज मिळाला होता. त्याने त्याला ‘न्यूक्लिन’ म्हटलं. तोच डीएनए, पण त्याची दुहेरी पिळाची रचना कळायला १९५३ उजाडलं.

एक दुसरा ग्लासही मांडाच, आणि माझ्या मते हा वगळला तर प्रयोगात राम नाही. सगळं तेच, फक्त लिक्विड घालायचं नाही. तिथेही थोडं पांढरं येईल, कारण काही पेशी मिक्सरनेच फुटलेल्या असतात आणि पेक्टिनला लिक्विडची गरज नसते. दोन्ही ग्लास शेजारी ठेवून पोरांनाच विचारा, पहिल्यात जास्तीचं आलं ते कुठून. झालं की दोन्ही मोरीत ओता, वरून भरपूर पाणी सोडा, आणि उरलेली बाटली पोरांच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा.