39 फुटांचा मेसेज कोण कसा वाचतं

ॲप असो, फॉर्म असो, नाहीतर व्हॉट्सॲपवरची साधी सूचना असो, काम हातात घेतलं की पहिला प्रश्न येतो, "हे कुणासाठी?" उत्तरही ठरलेलं: वय 25 ते 40, शहरी, ग्रामीण, शेतकरी, गृहिणी. राजारामपुरीतल्या माझ्या छोट्या स्टुडिओत हेच काम चालतं, आणि माझं मत पक्कं आहे की या रकान्यांचा डिझाइनला फार थोडा उपयोग होतो. एकाच गल्लीतल्या, एकाच वयाच्या दोघी जणी पुराची बातमी ऐकून अगदी निरनिराळा विचार करतात. तो विचार कसा समजून घ्यायचा, ते सांगते. उदाहरण पुराचंच घेते. कोल्हापुरात ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

पंचगंगा नदीच्या पाण्याचा, पावसाळ्यात सगळ्या ग्रुपवर फिरणारा मेसेज आठवा: राजाराम बंधारा, पाणी पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. माहिती बरोबर असते. पण घर कधी सोडायचं हे त्यावरून ठरतं का?

हे जाणून घ्यायला बसाल तेव्हा आपला मेसेज, आपलं ॲप बाजूला ठेवा. "असं फीचर दिलं तर वापराल का?" हा प्रश्न विचारूच नका, माणूस तुमचं मन राखायला "हो" म्हणतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. त्याचं काम काय आहे ते विचारा: पाणी चढतंय असं वाटलं तेव्हा तुम्ही कसं ठरवलंत? प्रश्नांची यादी नेऊ नका. एवढा एक प्रश्न टाका आणि पुढं त्यांचेच शब्द धरून जा.

लोक आधी मतं सांगतात. "वेळेवर कोणी काही सांगत नाही." "आम्हाला आता सवय झाली." ऐकून घ्या, पण तिथं थांबू नका. एखाद्या ठरावीक दिवसावर या: 2019 चा ऑगस्ट की 2021 चा जुलै? दोन्ही वेळा पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, त्यामुळं आठवणी ताज्या आहेत. त्या दिवशी पहिल्यांदा काय केलंत? त्या क्षणी डोक्यात काय चाललं होतं? मग माणूस खरं बोलायला लागतो.

चिखलीच्या एका मावशींनी मला सांगितलं, "बंधाऱ्याचं काय घिऊन बसलाय ताई, 2005 ला पाणी आमच्या उंबऱ्याच्या खालीच थांबलं हुतं. म्हटलं आत्ताबी तितंच थांबंल." त्यांच्या डोक्यात फूट नव्हतेच. जुनी खूण होती, आणि 2019 ला पाणी त्या खुणेच्या कितीतरी वर गेलं.

कुंभार गल्लीतल्या एका मूर्तिकार काकांचा हिशेब वेगळाच. गणपतीच्या आधीचे दिवस, कारखाना मूर्तींनी भरलेला, त्यातल्या कितीतरी अजून ओल्या. ओली मूर्ती घाईनं उचलली की तडा जातो. म्हणून ते शेवटाकडून मोजत येतात: टेम्पो कधी मिळेल, माणसं किती, सगळं उंचावर न्यायला किती वेळ. 39 फुटांचा मेसेज येईपर्यंत त्यांना उशीर झालेला असतो. ते राधानगरी धरणाकडं कान लावून असतात. तिथले सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी येतं. "दुसरं दार उघडलं की मी टेम्पोवाल्याला फोन करतो," काका म्हणाले.

आणि काही जण आकडाही बघत नाहीत, खूणही बघत नाहीत. ते माणूस बघतात. तालमीतला कुणी, दूध संस्थेचा सचिव, शेजारचे तात्या. "तात्यांनी म्हसरं सोडली की आम्ही सोडतो."

ऐकलेलं लिहून काढताना एका विचाराला एक चिठ्ठी आणि एक ओळ द्या, त्या माणसाच्या बाजूनं: "ओल्या मूर्ती वाचवायला टेम्पोची वेळ आधी धरतो." "तात्या हलले का ते बघते." मतं आणि तक्रारी वेगळ्या कागदावर. मग चिठ्ठ्या टेबलावर पसरा आणि हेतू जुळतो त्या एकत्र आणा. इथं घाई करू नका, एक-दोन दिवस चिठ्ठ्या तशाच राहू द्या. माझ्याकडं खूण बघणारे, उलटे मोजणारे आणि माणूस बघणारे असे गट पडले. प्रत्येक गटात शिकलेले होते, न शिकलेले होते, तरुण होते, म्हातारे होते.

गटाला माणसाचं नाव आणि फोटो चिकटवू नका. तोच माणूस जागा बदलतो. स्वतःच्या घरासाठी खूण बघणारी बाई माहेरच्या म्हाताऱ्या आईसाठी उलटं मोजायला लागते.

आता मेसेज पुन्हा हातात घ्या आणि एकेका गटाच्या नजरेनं वाचा. खूण बघणाऱ्याला "39 फूट" पुरत नाही; त्याच्या चौकात 2019 ला पाणी कुठवर होतं आणि आज कुठं आहे, हे शेजारी शेजारी हवं. उलटं मोजणाऱ्याला वाढीचा वेग हवा, गेल्या तीन तासांत किती इंच, आणि धरणाची बातमी सगळ्यात वर. माणूस बघणाऱ्याला मेसेज थेट पोचवण्यापेक्षा तात्यांच्या हातात तो आधी पडायला हवा, आणि पुढं पाठवला तरी शिळा होणार नाही असा. "आत्ता 41 फूट" हा मेसेज दुसऱ्या दिवशीही फिरत राहतो. तारीख आणि वेळ मजकुरातच, पहिल्या ओळीत लिहा.

सगळ्यांसाठी एकदम करायला वेळ आणि पैसा नसतोच. कुणापासून सुरुवात करायची हे उघडपणे ठरवा आणि कोण राहून गेलं ते भिंतीवर लिहून ठेवा. मी खूण बघणाऱ्यांपासून करेन. उलटे मोजणारे आपली बातमी कुठूनही शोधून काढतात. जुन्या खुणेवर भरवसा ठेवून बसलेला माणूस मात्र घरातच थांबतो, आणि मग त्याला बोटीतून काढावं लागतं.