‘व’ वरून नाव ठेवताना आधी चरण बघा

पत्रिकेनुसार नाव ठेवायचं तर नुसतं ‘व’ पुरत नाही, काना-मात्राही बघा. चरण म्हणजे नक्षत्राचा चौथा भाग; जन्मावेळी चंद्र ज्या चरणात, त्याचं अक्षर नावाला घेतात. रोहिणी नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरं ओ, वा, वी, वू. मृगाच्या पहिल्या दोन चरणांची वे, वो. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धरत नाहीत. म्हणून ‘वा’ला वरद (वर देणारा), वसुधा (पृथ्वी) किंवा वल्लरी, म्हणजे वेल, किती गोड नाव आहे! ‘वी’ला विहान (पहाट), विभा (तेज). वेदांत मात्र मृगाचं. ‘वू’वरून नावं जवळजवळ नाहीतच, तिथे ते अक्षर पत्रिकेपुरतं ठेवून हाक मारायला दुसरं नाव निवडावं.

चरण साधारण सहा तासांत बदलतो, तेव्हा जन्मवेळ अचूक हवी. इंग्रजीत ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, हे जन्मदाखल्याआधीच ठरवा. आधारवर वेगळं पडलं की दुरुस्तीच्या फेऱ्या सुरू.