लग्नानंतरची पहिली नोंद: सैनिकाच्या घरासाठी एक टीप

सैन्यात असलेल्या मुलाचे लग्न झाले की सुट्टीचे दिवस पाहुणे आणि देवदर्शन यांतच संपतात, आणि सर्वांत गरजेचे काम राहून जाते. विवाह नोंदणीचा दाखला काढून तो जवानाने आपल्या युनिटमध्ये सादर करावा, म्हणजे ‘पार्ट टू ऑर्डर’ (जवानाच्या कौटुंबिक बदलांची अधिकृत नोंद करणारा लेखी आदेश) निघून पत्नीचे नाव त्याच्या सेवा-अभिलेखात चढते. मूल जन्मल्यावरही जन्मदाखला देऊन हेच करावे लागते. आश्रितांचे ओळखपत्र, वैद्यकीय सोय आणि पुढे कुटुंबनिवृत्तिवेतन या साऱ्यांचा आधार ही नोंदच असते.

आपल्याकडे एक अडचण विशेष जाणवते. लग्नानंतर मुलीचे आडनाव, वडिलांचे नाव आणि काही घरांत तर तिचे स्वतःचे नावही बदलते, त्यामुळे शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि सैनिकी अभिलेख यांत तीन वेगळी नावे दिसू लागतात. ही तफावत नवरा नोकरीत असतानाच दुरुस्त करून घ्यावी, कारण एखाद्या विधवेला ऐन दुःखात त्यासाठी हेलपाटे घालावे लागणे फार क्लेशदायक असते. नाव न बदलता माहेरचेच ठेवले तर हा प्रश्न मुळात उद्भवत नाही, आणि माझ्या मते तेच अधिक सोयीचे आहे.

नोंद झाली की आदेशाची प्रत मागून घ्यावी आणि ती गावच्या घरीही ठेवावी, कारण बदलीच्या सामानात कागद हरवतात. कुठे अडलेच, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मार्गदर्शन मिळते.